मदत हवी आहे: आईबाबांसोबत कोलकात्यात चार दिवस, नदीकाठी निवांत कुठे बसता येईल?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन कोलकात्याला जाते आहे. पुण्याहून आझाद हिंदची जातायेताची तिकिटं झाली आहेत. शनिवारी पहाटे हावड्याला उतरू आणि मंगळवारी रात्री परतीची गाडी पकडू. राहायची सोय पार्क स्ट्रीटजवळ आहे, पण खोली दुपारी बारालाच मिळेल.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. नोकरीच्या सुरुवातीला तालुक्याच्या वाचनालयातून बंगाली कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद आणून त्यांनी झपाटल्यासारखे वाचले. गंगेचे घाट, नावाडी, पलीकडच्या तीरावरची संध्याकाळची आरती, हे सगळं त्यांनी कागदावरच पाहिलंय. आजवर त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. या दिवाळीत मात्र म्हणाले, "एकदा ती नदी बघायची राहिलीय गं."

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. सपाटीवर ती अर्धा तास आरामात चालते आणि कठडा असेल तर जिनाही चढते. उताराची आणि ओल्या पायऱ्यांची तिला धास्ती वाटते. ती पूर्ण शाकाहारी आहे. सोमवारी कांदा-लसूणही खात नाही.

तीन वर्षांपूर्वी एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर दोघांना एका तीर्थक्षेत्री पाठवलं होतं. दिवसाला आठ-नऊ ठिकाणं दाखवली. बाबा घाटाच्या पायरीवर जरा टेकले की गाइडची शिट्टी वाजायची. घरी आल्यावर फोटो बघताना बाबांना कोणतं देऊळ कुठलं ते सांगता येईना, तेव्हा फार वाईट वाटलं. म्हणून या वेळी मला ठिकाणांची यादी नकोय. दिवसात दोनच गोष्टी करायच्या, पण पोटभर. नदी कुठून बघावी, कधी बघावी, आईला बोटीत चढता-उतरता येईल का, आणि मुलगा कशात रमेल, एवढं सांगा. पहाटे उतरल्यावर बारापर्यंतचा वेळ कसा घालवावा हेही कळत नाहीये.

*

नागपूरकर, सध्या बेहाला:

ताई, बारा वर्षं इथे राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी घड्याळ. डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पुण्यापेक्षा तासभर आधी. बाहेरून आलेले लोक पाच वाजता हॉटेलातून निघतात आणि नदीवर पोचतात तेव्हा अंधार झालेला असतो. तुम्ही साडेतीनला निघा. कोलकाता पूर्व तीरावर आहे, त्यामुळे सूर्य समोर नदीपलीकडे, हावड्याच्या बाजूला मावळतो. त्यासाठी प्रिन्सेप घाट गाठा. तिथली पांढऱ्या खांबांची वास्तू जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ बांधलेली आहे. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी ज्याने उलगडली तोच हा. बाबांना हे ऐकायला आवडेल. तिथून बाबूघाटाकडे नदीलगत फरसबंद रस्ता आहे, सपाट आणि बसायला बाकं असलेला. आईंना हीच जागा सगळ्यात सोयीची. डावीकडे विद्यासागर सेतूच्या तारा दिसतात, भांड्यातला चहा मिळतो आणि झालमुडीवाले, म्हणजे चटपटीत कुरमुरे विकणारे, फिरत असतात. इथे भांडं म्हणजे मातीचा कुल्हड.

प्रिन्सेप घाटाला छोट्या होड्याही मिळतात. भाडं आधी ठरवून मगच बसा. पण आईंना त्या होडीत बसवू नका, तोल सांभाळत पाय टाकावा लागतो. त्यांच्यासाठी सरकारी लाँच. हावडा स्टेशनच्या समोरच जेट्टी आहे आणि तिथून बाबूघाट, शोभाबाजार, बागबाजार अशा फेऱ्या असतात. तिकीट अगदी किरकोळ असतं.

आता पहाटेचं. उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बसा आणि सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगांना कुलपं हवीत, नाहीतर घेत नाहीत. उजाडलं की लाँचने पलीकडे जा. हावडा पुलाच्या त्या टोकाला, अगदी पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. झेंडूच्या माळा दोरखंडासारखी वेटोळी करून डोक्यावरून नेतात. मात्र आत चिखल आणि हमालांची घाई असते, म्हणून आईंना कडेलाच उभं करा आणि मुलाला घेऊन तुम्ही आत चक्कर मारून या.

*

धागालेखिका:

फार फार आभार. लाँचवर चढताना पायऱ्या असतात का? आईला कोणाचा तरी हात धरावा लागेल. आणि फार हलते का?

*

नागपूरकर, सध्या बेहाला:

हे मीच आधी लिहायला हवं होतं. हुगळी, म्हणजे गंगेचाच इथला फाटा, ही भरती-ओहोटीची नदी आहे. समुद्र शंभराहून जास्त किलोमीटर लांब असूनही पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. जेट्टी पाण्यावर तरंगती असते आणि काठापासून तिच्यापर्यंत लोखंडी पूल टाकलेला असतो. भरतीला तो पूल जवळजवळ आडवा असतो. ओहोटीला जेट्टी खाली जाते आणि पुलाला चांगलाच उतार येतो. माझ्या आईलाही संधिवात आहे. आम्ही भरतीची वेळ बघूनच निघतो, मग काही अडत नाही. बंदराचं भरतीचं वेळापत्रक नेटवर मिळतं. बोट लागली की खलाशी दोर टाकतो. लोकांचा पहिला लोंढा उतरून जाऊ द्या, मग त्याला सांगा, "दादा, एकटू धोरून," म्हणजे जरा धरा. हात पुढे करतोच. आत लाकडी बाकं असतात. बोट फार हलत नाही, पण दुसरी मोठी बोट जवळून गेली की हेलकावा बसतो.

*

मुलुंडची आई:

मागच्या जानेवारीत सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन गेले होते. मुलांना सगळ्यात काय आवडलं असेल तर नदीखालून जाणारी मेट्रो. मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. मेट्रोचं हावडा स्टेशन जमिनीखाली सुमारे ३० मीटर आहे, नुसते सरकते जिने उतरतानाच माझा धाकटा हरखला. बोगद्यात नदीखालचा भाग आला की निळे दिवे लागतात. पाऊण मिनिटात संपतं, म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल नेमकं दुसरीकडे बघत बसतं. आम्ही जाताना लाँचने नदीवरून गेलो आणि येताना मेट्रोने नदीखालून. धाकट्याने शाळेच्या निबंधात फक्त तेवढंच लिहिलं. लिफ्ट आहे, आजींना त्रास होणार नाही.

सोमवार जपा. भारतीय संग्रहालय, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं आणि जोडासांकोचा ठाकूरवाडा, म्हणजे रवींद्रनाथांचं घर, तिन्ही सोमवारी बंद. अलिपूरचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं, तुम्हाला ते आड येणार नाही. संग्रहालय १८१४ सालचं आहे. त्यातली ममी बघायला मुलं पळतात, पण बाबांना भारहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या कठड्यापाशी बसवा. लाल दगडात जातककथा कोरल्या आहेत, एकेक बघायला दोन तास पुरत नाहीत.

*

सातारकर:

वरचे प्रतिसाद उत्तम आहेत. एकच भर घालतो, कारण बाबा वाचणारे आहेत.

बागबाजार भागात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरली, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे कलकत्त्यापर्यंत पोचलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आपल्या 'बारगीर'चा, म्हणजे फौजेतल्या घोडेस्वाराचा, तिकडे 'बर्गी' झाला आणि तो बंगाली अंगाईत जाऊन बसला. बर्गी आले, आता सारा कसा भरायचा, असं त्या अंगाईत येतं. त्या स्वाऱ्यांत खेडीच्या खेडी लुटली गेली, माणसं देशोधडीला लागली. मी ती गल्ली बघायला गेलो होतो. समोरच्या चहावाल्या आजोबांनी कुठून आलात विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांनी ती अंगाई म्हणून दाखवली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. मला बोलायला शब्द सुचेना. गल्लीत बघण्यासारखं काही नाही, पण बाबांना नक्की न्या.

बागबाजारहून कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती, जवळ आहे. डिसेंबरात सरस्वतीच्या मूर्तींचं काम सुरू झालेलं असतं. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळलेलं भाताचं काड, मग चिकट 'एंटेल' माती आणि शेवटी मऊ 'बेले' माती. बोटं सोडून सगळा हात काडाचा असतो, बोटं वेगळी घडवून लावतात. मुलाला हे दाखवा. फोटो काढण्याआधी विचारा.

*

खरगपूरची सून:

आईंच्या जेवणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं माहेर सांगलीचं आणि सासर बंगाली.

'व्हेज' म्हणू नका, 'निरामिष' म्हणा. जुन्या बंगाली घरांत निरामिष म्हणजे कांदा-लसूणही नाही, त्यामुळे सोमवारचाही प्रश्न सुटतो. हॉटेलात मात्र तेवढं वेगळं सांगा. बंगाली खानावळीत भाजीचं नाव ऐकून फसू नका. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं असू शकतं, दुधीच्या भाजीत कोळंबी असते, कोबीतही मासा घालतात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी दुधी समजून वाढून घेतलं होतं. प्रत्येक वेळी विचारा, कोणी रागावत नाही.

सकाळी लुची, म्हणजे मैद्याची पुरी, किंवा हिंगाची कोचुरी आणि बटाट्याची रस्सा भाजी. दुपारी छोलार डाळ, म्हणजे हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे तुकडे घातलेली, जराशी गोड. धोकार डालना मिळाला तर सोडू नका. डाळीच्या वड्या रश्श्यात सोडलेल्या असतात, आईंना आपल्या पाटवड्यांची आठवण येईल. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी उग्र वाटतो.

आणि डिसेंबरात जाताय तर नोलेन गुडाचा संदेश ही छेन्याची मिठाई खाच. आपण ज्याला शिंदीचं झाड म्हणतो त्याचाच हा गूळ, थंडीतच मिळतो. पहिल्या घासाला धुरकट वास येतो, मग जिभेवर विरघळतो.

*

धागालेखिका:

डोळे भरून आले सगळं वाचून. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दुधीचं ऐकून तिने वहीत 'निरामिष' असं लिहून ठेवलं.

सध्या असं ठरवलंय. शनिवारी सकाळी लाँच आणि फुलबाजार, दुपारी झोप, साडेतीनला प्रिन्सेप घाट. रविवारी संग्रहालय आणि नदीखालची मेट्रो. सोमवारी बागबाजार, मराठा डिच लेन, कुमारटुली. मंगळवारी दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ. व्हिक्टोरिया बघायचं राहिलं तरी चालेल. मंगळवारचा क्रम नीट बसतोय का?

*

नागपूरकर, सध्या बेहाला:

बसतोय, फक्त सकाळी जाऊ नका. दोन्हीकडे दुपारी दारं बंद असतात आणि मधल्या वेळात आईबाबांना ताटकळावं लागेल. दुपारी मेट्रोने दक्षिणेश्वर गाठा, मेट्रो तिथपर्यंत जाते. दार उघडल्यावर दर्शन घ्या आणि देवळाच्या घाटावरून बोटीने पलीकडे बेलूरला जा. संध्याकाळची आरती तिथे ऐका. बाबांची पलीकडच्या तीरावरची आरती तीच. फोटो काढू देत नाहीत. आरतीनंतर तिथूनच टॅक्सीने हावडा, गाडीला भरपूर वेळ राहतो. सामान सकाळीच हावड्याच्या क्लोकरूममध्ये ठेवून मोकळे व्हा.

सोमवारी बागबाजारलाही हावड्याहून लाँचनेच जा. जाताना उजव्या बाजूच्या बाकावर बसा. निघाल्याबरोबर हावडा पूल डोक्यावरून जातो. पूर्ण पूल रिव्हेटांनी जोडलेला आहे, नटबोल्ट कुठेच नाही, मुलाला वर बघायला सांगा. मग त्याच बाजूला एकेक घाट लागतो. आंघोळीची माणसं, धुणी, निमतल्याचं स्मशान, जुन्या वाड्यांच्या पायऱ्या. बागबाजारला उतरायची घाई नको. बाबांना आवडलं तर परतीच्या बोटीचं तिकीट काढून पुन्हा बसा.