वेळासची कासवाची पिल्लं आपण राखायची, पुढे दुसऱ्या देशाच्या जाळ्यात गेली तर?

खाडीकाठ:
मार्चमध्ये लेकीला घेऊन वेळासला जाऊन आलो. सकाळी सगळे दोरीपलीकडे दाटीवाटीने उभे आणि कासवमित्राने टोपली उचलली तर खाली वाळूत नुसती वळवळ, मोजून २३ पिल्लं निघाली. एक उलट्या दिशेने चाललं होतं तर अख्खी गर्दी "अरे तिकडे नाही, तिकडे नाही" करून ओरडायला लागली 😄 मग रात्री जेवताना होमस्टेच्या काकूंनी बागेश्रीची गोष्ट सांगितली, २०२३ मध्ये गुहागरला पाठीवर सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली कासवाची मादी, ती केरळ करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. लेक लगेच म्हणाली, बाबा मग तिकडे तिला कोण बघतं? मला काय उत्तर देता येईना. खरंच, देशादेशांत असं काही ठरलेलं असतं का, की आपापला किनारा आपण बघायचा आणि पुढचं देवाच्या हवाली?

टिटवी:
ठरलेलं आहे, पण त्याला दात नाहीत. हिंद महासागर आणि आग्नेय आशियातल्या समुद्री कासवांसाठी २००१ पासून एक सामंजस्य करार आहे, भारताने त्यावर २००७ मध्ये सही केली, श्रीलंका, पाकिस्तान, ओमान पण त्यात आहेत. कायद्याने बंधनकारक मात्र नाही, म्हणजे कोणी नाही पाळला तर कोर्टात खेचता येत नाही. एवढं ऐकून लोक म्हणतात कागदी घोडे. मला तसं पूर्ण वाटत नाही, कारण कासवाच्या बाबतीत अर्धं काम माहितीचंच असतं, कुठून आलं, कुठे गेलं.
गुहागरचंच बघा. जानेवारी २०२५ मध्ये तिथे अंडी घालायला आलेल्या मादीच्या पुढच्या पायावर धातूचा बिल्ला सापडला, नंबर ०३२३३. तो लावलेला होता २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला! पूर्व किनाऱ्यावरची मादी कोकणात येऊन अंडी घालते हे त्या एका बिल्ल्यावरून कळलं. आणि मधला रस्ता श्रीलंकेच्या बाजूनेच जाणार ना. तो नंबर रात्री टॉर्चच्या उजेडात नीट वाचणारा माणूस किनाऱ्यावर नसता तर टॅग असून नसून सारखंच.

हर्णैकर:
राग मानू नका पण कासवाच्या गोष्टीत आम्ही मच्छीमार नेहमी व्हिलन. माझे वडील तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, मी पण बारा वर्षं बोटीवर काढली. ट्रॉलचं, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं दोन दोन तास पाण्याखाली असतं, कासवाला श्वासाला वर यायला लागतं, ते आत अडकलं की गुदमरतं, हे आम्हाला कळत नाही असं थोडंच आहे. त्यावर उपाय म्हणून टेड आहे, जाळ्याच्या तोंडापासून आत पिशवीकडे जाताना मध्ये गजांची जाळी तिरकी बसवतात, कोळंबी गजांतून मागे जाते आणि कासव गजांवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर. कागदावर झकास. पण त्या झडपेतून मोठी मासळी पण जाते हो, डिझेलचा खर्च कोण देणार?
आणि देशादेशांचं म्हणाल तर अमेरिकेने नव्वदच्या दशकात टेड नाही तर कोळंबी घेणार नाही म्हटलं, भारत, पाकिस्तान, मलेशिया, थायलंड चौघे मिळून डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये निकाल लागला त्यात म्हटलं की कासवं वाचवण्याचा हेतू बरोबर पण वागणूक सारखी नाही, कॅरिबियनवाल्यांना तीन वर्षं मुदत आणि आशियाला चार महिने! आता २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी तिकडे पुन्हा बंद, तळ्यात वाढवलेली जाते. फटका कोणाला बसला सांगा.
एक गोष्ट मात्र चांगली, २०१८ पासून आपल्या राज्यात जाळं कापून कासव सोडलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फोटो काढावा लागतो. माझ्या चुलतभावाचा अर्ज एका ऑफिसात सात महिने पडून होता ती गोष्ट वेगळी.

मस्कतचा_मन्या:
इकडून पण दोन ओळी. मी ओमानमध्ये आहे, रास अल जिन्झला रात्री गाईडबरोबर कासवं बघायला नेतात, तिथली हिरवी कासवं. फोटो, टॉर्च काही चालत नाही. पण मला सांगायचंय ते देवमाशाबद्दल. लुबान नावाची हंपबॅक मादी, लुबान म्हणजे आपल्या लोबानचाच शब्द, तिला इकडे मसिराच्या आखातात टॅग लावला होता. २०१७ च्या डिसेंबरात ती अरबी समुद्र सरळ ओलांडून आपल्या किनाऱ्याकडे आली, दक्षिणेकडे उतरली आणि परत ओमानला! हे अरबी समुद्रातले हंपबॅक बाकीच्यांसारखे थंड समुद्राकडे जात नाहीत, बारा महिने इथेच, आणि ओमानच्या बाजूला शंभरसुद्धा नसावेत असा अंदाज. म्हणजे दोन्हीकडचे लोक बोलले नाहीत तर अर्धं वर्ष ते कुठे असतात हेच कळणार नाही.

टिटवी:
@हर्णैकर दादा, मुदतीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मासळी जाते म्हणूनच कोचीच्या मासेमारी संशोधन संस्थेने आपल्या बोटींसाठी वेगळं टेड बनवलं, तुमच्याकडे कोणी वापरून बघितलंय का?

हर्णैकर:
बंदरावर दाखवायला आणलं होतं. स्वतःच्या पैशाने बसवलेला मला तरी कोणी माहीत नाही. सबसिडी वेळेत आली तर भावाला सांगतो बसव म्हणून.

खाडीकाठ:
सगळ्यांचे आभार. लेकीला बिल्ल्याची गोष्ट सांगितली, तर आता म्हणतेय आपल्या २३ पिल्लांना का नाही लावला 🙂 एवढ्याशा पायाला कुठे लावणार, तळहातावर दोन मावतील.