मदत हवी आहे: गुडघा पिच्छा सोडत नाही, सामने तोंडावर आलेत

उंचझेप:
बरेच महिने गुडघा दुखतोय. विश्रांती झाली, बर्फ झाला, पट्टा झाला, गोळ्या झाल्या. थांबलो की बरं वाटतं, खेळायला लागलो की पुन्हा तेच. लवकर फरक पडेल असा उपाय सांगा. नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' नको, दाखवून झालंय.

दिगंत:
खेळ कुठला? दुखतं नेमकं कुठे? वय? डॉक्टर काय म्हणाले? काहीच लिहिलं नाहीये.

उंचझेप:
व्हॉलीबॉल. वाटीखाली दुखतं. सोनोग्राफीत टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जाड झालेलं दिसलं, विश्रांती घ्या म्हणाले. ती घेऊनच कंटाळलोय.

मोहर:
माझ्या आईचे गुडघे असेच दुखायचे. वजन उतरवल्यावर खूप फरक पडला. तुम्हीही बघा.

दिगंत:
मोहर, आईंची ती झीज असणार. हे वेगळं आहे. उंचझेप, वय राहिलं.

धडाका:
सरळ स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या. मी घेतलं आणि लगेच मैदानात उतरलो.

सांधेजोड:
धडाका, कृपया असं सुचवू नका. मी फिजिओ आहे. या दुखण्यात स्टिरॉइडने सुरुवातीला आराम पडतो, पण सहा महिन्यांनी जड व्यायाम करणारे जास्त बरे असतात. २००९ च्या एका डॅनिश अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं.
उंचझेप, दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते का? अंग तापल्यावर दुखणं कमी होऊन दुसऱ्या दिवशी वाढतं का? मध्यंतरी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं होतंत का? त्या गटातली औषधं टेंडनला त्रास देऊ शकतात.

उंचझेप:
अँटिबायोटिक नाही. बाकी दोन्ही हो. वाटीच्या खालच्या टोकावर बोट दाबलं की कळ येते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी जिना कठडा धरून उतरतो. वय २३.

सांधेजोड:
मग हे बहुधा 'जम्पर्स नी'च, म्हणजे उड्या मारणाऱ्यांना होणारं वाटीखालच्या टेंडनचं दुखणं. वाढीच्या वयातला मुलगा असता तर मी आधी हाडाच्या वाढीच्या जागेचा विचार केला असता, म्हणून दिगंत वय विचारत होते ते योग्यच.
नुसत्या विश्रांतीने दुखणं शमतं, पण टेंडनची भार पेलायची ताकदही उतरते. म्हणून परतल्यावर पुन्हा तेच होतं. ताकद हळूहळू भार देऊनच वाढवावी लागते.

तिरकीफळी:
उतरत्या फळीवर एका पायाने स्क्वॉट करा! २५ अंशांची फळी, १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा. मी त्यावरच बरा झालो.

सांधेजोड:
फळीने फायदा होतो, नाकारत नाही. पण सामने चालू असताना ती अनेकांना झेपत नाही, दुखणं भडकतं. मी सावकाश जड वजनाकडे वळवते. आठवड्यातून तीनदा लेग प्रेस (जिममधलं पायांनी वजन ढकलायचं यंत्र), स्क्वॉट वगैरे. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. सुरुवात जेमतेम १५ वेळा उचलता येईल अशा वजनाने, मग वजन वाढवत १२ आठवड्यांत जेमतेम सहा वेळा उचलता येईल इथपर्यंत. घाई असली तरी हा काळ द्यावाच लागतो.

तिरकीफळी:
१२ आठवडे? त्यांचे सामने तोंडावर आलेत!

उंचझेप:
तेच तर! तोवर काय करू?

सांधेजोड:
तोवर लेग एक्स्टेन्शनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं यंत्र) गुडघा अर्धवट वाकवून ४५ सेकंद धरा, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विसावा. बऱ्याच जणांना त्याने तात्पुरतं बरं वाटतं, सरावाआधी करून बघा.
सरावातल्या उड्या मोजा आणि कमी करा, विशेषतः लागोपाठच्या दिवशी. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. रोज सकाळी एका पायाने थोडा स्क्वॉट करून बघा. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला.

धडाका:
बूट बदलले तर? माझ्या मित्राला फायदा झाला.

दिगंत:
धडाका, बुटांचा वेगळा धागा काढा.

उंचझेप:
दोन्ही पायांना करायचं का? दुसरा दुखत नाही.

सांधेजोड:
दोन्ही, पण एकेका पायाने, म्हणजे दुखऱ्याचा भार चांगला पाय उचलणार नाही. आणि कधी अचानक 'खट' होऊन पाय सरळ उचलता आला नाही, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.