अनुभव धागा: तुमच्या खेळात यंत्राबिंत्राच्या कौशल्याला काय म्हणता?

जुनाफासा
पुतणी मित्रमंडळींसाठी स्वतःचा रोलप्लेइंग गेम लिहितेय, म्हणजे एकेकाने एकेक पात्र व्हायचं आणि काय जमलं ते फासा टाकून ठरवायचं. राजे, किल्ले, ड्रॅगन वगैरे. म्हणाली, "काका, कुलपं, सापळे, पाणचक्की, गोफणयंत्र, सगळ्याला मिळून एक कौशल्य हवंय. नाव काय देऊ?" आमच्या गटातली जुनी भांडणं आठवली. आमच्या पत्रकावर (पात्राची कौशल्यं लिहायचा कागद) 'इंजिनिअरिंग' होतं. एकाला ड्रॅगन चालायचा, पण मध्ययुगात इंजिनिअर चालेना. म्हणून 'यंत्रविद्या' केलं. लगेच जादूगारवाला म्हणे, विद्या आहे ना, मग बुद्धीचे गुण धरा. चोर खेळणारी चिडली, हाताचं काम आहे, चपळाईच हवी! तुमच्याकडे काय झालं?

रात्रपाळी
डीअँडडीतही (डंजन्स अँड ड्रॅगन्स, असाच प्रसिद्ध खेळ) तेच झालंय की. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) 'डिसेबल डिव्हाइस' बुद्धीवर, 'ओपन लॉक' चपळाईवर. पाचवीत (२०१४) दोन्ही गेले, चोराची हत्यारं वापरता येतात की नाही एवढंच उरलं. बाकी बस आली, नंतर लिहितो

कढीपत्ता
'कळसूत्र' ठेवलेलं. सगळे बाहुल्याच नाचवायला लागले 😂

तटबंदी
मध्ययुगात इंजिनिअर नव्हते असं कोण म्हणतं? वजनाच्या जोरावर धोंडे फेकणारं ट्रेब्युशे बाराव्या शतकातलं. अल-जझारी नावाच्या यंत्रकाराने १२०६ मध्ये यंत्रांवर अख्खा ग्रंथ पुरा केला, त्यात पाणघड्याळं, पाणी उपसायची यंत्रं, सगळं आकृत्यांसकट. वेढ्यात ही यंत्रं उभी करणारा माणूस सुतार, लोहार आणि गणिती यांच्या मधला कुठेतरी. तुमच्या त्या मित्राला एवढं वाचून दाखवा आणि 'इंजिनिअर' परत आणा.

कढीपत्ता
@तटबंदी, तो वाचणार नाही. असल्या लोकांना तलवारीचं वजन मात्र पाठ असतं.

मधलीसुट्टी
आमच्या पत्रकावर 'चोरकाम'. धर्मयोद्धावाल्याने घेतलंच नाही, "माझा शूर वीर चोरकाम शिकणार नाही." बरं. पुढे किल्ल्याचा उचलता पूल अडकला, साखळीचं चाक जाम, मागून ऑर्क राक्षस. चोर आधीच मेलेली. डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला, कौशल्य कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही! पूल दुरुस्त करण्यात चोरी कसली, पण पत्रकावर तेच लिहिलेलं. शेवटी जादूगाराने साखळी वितळवली. पूल पडला, तो आमच्याच अंगावर. मग नाव 'कारागिरी' केलं आणि धर्मयोद्ध्यासकट सगळ्यांनी घेतलं. आता एकजण त्यावर पाव भाजतो, आणि डीएम फासा टाकू देतो.

बिनपाण्याची
धाग्याशी संबंध नाही, पण वीस बाजूंचा फासा सोफ्याखाली गेला तर काढता कसा? झाडू पोचत नाही.

जुनाफासा
@मधलीसुट्टी 😂 पुतणीला तुमचा पूल सांगितला. 'कारागिरी' आवडलं तिला, पण पाव नको म्हणते. 'कळ-कारागिरी' कसं वाटतं?

रात्रपाळी
उतरलो. माझं मत, दोन कौशल्यं करा. 'कुलपं-सापळे' चपळाईवर, 'यंत्रबांधणी' बुद्धीवर. नाहीतर एकच माणूस रात्री तिजोरी फोडणार आणि सकाळी गोफणयंत्र बांधणार, बाकीचे मोबाईल बघत बसणार.

मधलीसुट्टी
आमचे तसेही मोबाईलच बघतात.

कढीपत्ता
@बिनपाण्याची, लांब पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून सरकव. मोजाही निघेल एखादा.

बिनपाण्याची
मोजा निघाला. फासा नाही.