मदत हवी आहे: कन्नड कथांच्या अनुवादासाठी परवानगी नक्की कुणाची?

कोल्हापुरातले आम्ही काही जण मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तीन भाषांचं ऑनलाइन त्रैमासिक काढतोय. निपाणी-बेळगाव इतकं जवळ, तरी तिकडचं ताजं लेखन इकडे फारसं पोचत नाही, म्हणून हा खटाटोप. सगळं काम विनामोबदला. वर्गणी नाही, जाहिराती नाहीत.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य हक्कमुक्त होतं, हे माहीत आहे. पण आम्हाला हयात लेखकांच्याच कथा हव्यात (नुसतं जुनंच छापायचं तर मासिक कशाला?). फुकट छापतो म्हणून परवानगी चुकत नाही, हेही कळतं. कथाकारांनी फोनवर आनंदाने होकार दिला. अडलंय ते प्रकाशकांपाशी: मेलला उत्तर नाही, आणि अनुवादाचे हक्क करारात कुणाकडे आहेत हे लेखकांनाही आठवत नाही. करारपत्रं सापडत नाहीत. वकिलाची फी सध्या परवडणारी नाही.

अशा वेळी लेखकाची लेखी संमती पुरते का? की प्रकाशकाचं पत्र येईपर्यंत थांबावंच लागतं? मराठी मजकुराचे हक्क अनुवादकाकडे राहतील असं नमूद केलेला संमतीपत्राचा नमुना कुणाकडे आहे का?