मदत हवी आहे: लाल ओढण्यांचा रंग पहिल्याच धुण्यात जायलाय

ओढणीवाली, गेवराई
आमच्या बचत गटाने ओढण्या रंगवायचं काम घेतलंय. लाल रंग पहिल्याच धुण्यात जायलाय, बादली लालेलाल. एका गिऱ्हाइकाची पांढरी सलवार गुलाबी झाली, ती ओढणी परत देऊन गेली. मीठ टाकलं, सोडा टाकला, रंगही महागातला आणला. सोमवारी ६० नग द्यायचेत. कधीच न जाणारा पक्का रंग कोणता, लवकर सांगा.

गोदाकाठ
कापड कोणतं? रंग कोणता? पाणी नळाचं का बोअरचं?

घरचा_उपाय
तुरटी आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवा. माझ्या आईच्या साड्या अशाच टिकल्या.

सोलापूरचा_रंगारी
व्हिनेगर रेशीम-लोकरीवरच्या ॲसिड रंगाला लागतं. सुती कापडाला त्याचा काही उपयोग नाही. चादरींच्या कामात २२ वर्षं गेली माझी. ताई, पुड्यावर एम आहे का एच?

ओढणीवाली, गेवराई
कापड सुतीच की, दुसरं काय असणार! पुड्यावर कोल्ड ब्रँड एम लिहिलंय. पाणी बोअरचं, दुसरं आहे कुठं इथं. रंग, मीठ, सोडा एकदमच टाकून तासभर ठेवलं, मग साध्या पाण्यातून दोनदा काढलं. प्रश्नच विचारायलात सगळे, उपाय सांगा ना.

मातीचे_रंग
हे रासायनिक सोडाच. हिरड्यात भिजवून, तुरटी देऊन मंजिष्ठेत उकळा. असा लाल दुसरा नाही.

सोलापूरचा_रंगारी
मंजिष्ठा चांगलीच, पण ६० नग सोमवारपर्यंत कोण करणार? आणि नैसर्गिक म्हणजे पक्का असं नाही, हळदीची ओढणी चार दिवस उन्हात वाळवून बघा.

मातीचे_रंग
हळदीचं मी बोललोच नाही.

रसायन_शिकवतो, नांदेड
ताई, कधीच न जाणारा रंग नसतो. पण धुण्याला दाद न देणारा असतो, आणि तो तुमच्याच पुड्यात आहे. जुने डायरेक्ट रंग सुताला नुसते चिकटतात आणि पाण्यात सुटतात. १९५६ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोशन नावाने रिॲक्टिव्ह रंग आणले, त्यांच्या रेणूला मुद्दाम एक हात जोडला होता. एका टोकाला रंग दाखवणारा भाग, दुसऱ्या टोकाला ट्रायझिनचं कडं आणि त्यावर क्लोरीनचे दोन अणू. सोड्याने पाण्याचा सामू ११च्या आसपास गेला की क्लोरीन सुटतो आणि रेणू सुताच्या सेल्युलोजला कायमचा जोडला जातो. दोन क्लोरीनवाला थंड पाण्यातही चपळ, म्हणून कोल्ड ब्रँड, तोच तुमचा एम. एकच ठेवला की मंदावतो, मग ८० अंशांपर्यंत तापवावं लागतं, तो एच.

अडचण अशी की हा हात पाण्यालाही धरतो. पाण्याला धरलेला रेणू पुन्हा कापडाला धरत नाही, धाग्यात नुसता अडकून बसतो आणि धुताना निघतो. तो सहज निघावा म्हणून या रंगांना सुताची ओढ बेताचीच ठेवतात, आणि ओढ कमी म्हणून मीठ भरपूर लागतं. पुढे एकाच रेणूला दोन वेगळे हात जोडलेले रंग आले, एक वाया गेला तर दुसरा धरतो. हे काम मला फार सुंदर वाटतं.

आता एकच सांगा, सोडा म्हणजे कोणता?

ओढणीवाली, गेवराई
भज्यात घालतो तो. किराण्यातला.

सोलापूरचा_रंगारी
तिथंच घोळ झाला. खायच्या सोड्याने थंड पाण्यात हा रंग नीट बसत नाही, सामू ८च्या थोडाच वर जातो. धुण्याचा सोडा आणा, सोडा ॲश. आणि एकदम टाकू नका. आधी रंग आणि मीठ, कापड अर्धा तास हलवत राहायचं, मग लिटरमागं १० ते २० ग्रॅम सोडा विरघळवून घालायचा, पुढं तासभर.

झटपट
एवढं कशाला? बाजारात फिक्सर मिळतो, त्यात बुडवा, काम झालं.

सोलापूरचा_रंगारी
न बसलेल्या रंगावर फिक्सर म्हणजे घाणीवर चुना. वर काही रंगांचा उन्हातला टिकाऊपणाही त्याने कमी होतो.

पैठणकर
पैठणीच्या रेशमाला सोडा ॲश लावू नका बरं, रेशीम खराब होतं.

गोदाकाठ
इथं पैठणी कुठून आली? ताई, लाल खारट पाणी रानात किंवा ओढ्यात सोडू नका, जमीन खराब होते.

आकाशी
उन्हात कोणता रंग टिकतो? माझा फिरोजा पडदा सात वर्षं झाली तसाच आहे.

रसायन_शिकवतो, नांदेड
तो बहुधा फ्थॅलोसायनिन या निळ्या-हिरव्या रंगांच्या गटातला, उजेडाला दणकट. धुण्यातला टिकाऊपणा १ ते ५ आणि उजेडातला १ ते ८ असा वेगवेगळा मोजतात, एकात पास झालेला दुसऱ्यात नापास होऊ शकतो. पण ताईंचं आधी. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम सुटलेल्या रंगाला धरून ठेवतो. रंगवायला आणि शेवटच्या उकळीला आरओच्या जारचं पाणी घ्या. आधी साध्या पाण्यातून मीठ-सोडा काढा, मग उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट घालून दहा मिनिटं. पाणी नितळ होईपर्यंत तेच. शेवटी ओली ओढणी पांढऱ्या कापडात घालून इस्त्री फिरवा, डाग पडला तर अजून धुवायचं.

ओढणीवाली, गेवराई
चार नग करून बघितले. उकळीत लाल उतरून फिकट गुलाबी झाल्या, जीव खाली-वर झाला. मग जारच्या पाण्यात, धुण्याचा सोडा घालून परत रंगवल्या, तुम्ही म्हणालात तसं उकळलं. तिसऱ्या पाण्याला नितळ आलं. इस्त्रीखाली पांढरा रुमाल पांढराच राहिला. ५६ राहिल्यात, जारवाल्याला दहा जार सांगितलेत, बाया रात्रभर बसायला तयार आहेत. दोघांचेही आभार. फक्त त्या बाईच्या सलवारीचा गुलाबी डाग कशानं जाईल? भरून द्यावी लागली तर नफा तिथंच जाईल.

गोदाकाठ
सलवार सुती आहे का?