दाढेतला ‘कालवा’: रूट कॅनालला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतरवाली_अक्का
सोलापुरात राहते, भाषांतराची किरकोळ कामं घेते. एका दंतमहाविद्यालयातल्या अभ्यासाचं पेशंटसाठीचं माहितीपत्रक माझ्याकडं आलंय. उपचारासाठी आधीच काढलेली स्कॅनं पुन्हा बघायची आणि आपल्या भागातल्या माणसांच्या दाढांना मुळं किती, एकेका मुळात कॅनाल, म्हणजे आतली पोकळ वाट, किती, ते मोजायचं. नवा एक्स-रे नाही, दाताला हात लावायचा नाही. एवढंच काम.

मी लिहिलं, ‘तुमच्या दाढेत किती रूट कॅनाल आहेत हे पाहिलं जाईल.’ शेजारच्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्यात एकपण नाही. गेल्या साली डॉक्टर करा म्हनले हुते, मीच नको म्हनले.’ म्हणजे मराठीत रूट कॅनाल हा दातातला भाग नाहीच, तो उपचार! मग ‘कालवा’ करून बघितलं. तर म्हणे, ‘दातात उजनीचं पाणी सोडायलेत काय?’

नलिका, नाल, नळी, पोकळी... काय लिहू? सोमवारी द्यायचंय.

शुद्धलेखनी
‘दंतमूलनाल’. प्रश्न मिटला. पारिभाषिक शब्द आधी वापरावा लागतो, मग रुळतो. ‘क्ष-किरण’ रुळला ना?

नवीपेठ
कुठं रुळला? शाळेच्या पुस्तकात. आमच्या आजीनं आयुष्यभर छातीचा ‘फोटो’ काढला. आणि १८९५ साली राँटगेनला ते किरण कसले हे कळलं नव्हतं म्हणून त्यानं त्यांना ‘एक्स’ म्हटलं. आपण त्या अज्ञाताचंही भाषांतर करून ठेवलं.

दाढवाला_डॉक्टर
भाषेतलं मला कळत नाही, दाढेचं सांगतो. वरची पहिली दाढ घ्या. तिला बहुतेक वेळा तीन मुळं, दोन गालाकडं आणि एक टाळूकडं. गालाकडच्या पुढच्या मुळात एक कॅनाल सहज सापडतो, पण त्याच मुळात टाळूच्या बाजूला दुसरा बारीक कॅनाल पुष्कळदा असतो. आम्ही त्याला ‘एमबी टू’ म्हणतो. साध्या एक्स-रेत तो बहुधा हुकतो, कारण तो चपटा फोटो, पुढचं-मागचं एकावर एक पडतं. कोन बीम सीटीत, म्हणजे दाढेच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, आडव्या चकत्या बघता येतात, काकडीच्या पाडाव्यात तशा. माउसचं चाक फिरवत खाली-वर जायचं. त्या मुळाची चकती गोल नसते, भुईमुगाच्या शेंगेसारखी लांबट, मध्ये जरा आवळलेली. एका टोकाला काळा ठिपका ठळक. दुसऱ्या टोकाला कधी केसाएवढा, कधी दोन-चार चकत्यांपुरता दिसून गायब. तो राहून गेला तर दाढ पुन्हा ठणकू शकते आणि पेशंट म्हणतो, ‘नस नीट मारली नाही.’

तर पेशंटचा शब्द ‘नस’ आहे. कॅनाल कुणी म्हणत नाही.

नवीपेठ
मग ‘नस’च लिहा की ओ.

दाढवाला_डॉक्टर
नस म्हणजे आतला ऐवज, कॅनाल म्हणजे त्याची जागा. उपचार झालेल्या दाढेत नस नसते, कॅनाल असतोच. अभ्यास जागेचा आहे.

टेलचा_शेतकरी
कालव्याला एवढं हसू नका. आमचं रान उजनी धरणाच्या कालव्यावर, तेही टेलला, म्हंजे पार शेवटाला. कालव्यातून फाटा, फाट्यातून चारी, चारीतून पोटचारी. डॉक्टरांचा तो एमबी टू म्हणजे पोटचारीच! आणि आमच्यासारखंच त्याचंही, वरच्यांचं भिजतं आन टेलला थेंब नाही. औषध टेलपतुर गेलं नाही तर दाढ बोंबलणारच.

शुद्धलेखनी
कालव्याचा आमच्याकडचा दुसरा अर्थ विसरू नका, गोंगाट. ‘काय कालवा लावलाय!’ कोकणातल्या वाचकाला तर खायची कालवं आठवतील.

टेलचा_शेतकरी
दाढ दुखायला लागली की घरात कालवाच असतोय. बसतंय की बरोबर.

भाषांतरवाली_अक्का
पोटचारी भारी आहे, पण पत्रकात लिहिली तर अभ्यास तपासणारे समितीवाले मलाच चारीत ढकलतील. ‘मुळातल्या नळ्या’ कसं वाटतं?

हुरडापार्टी
नळी बेस्ट! मटणातली नळी कुणाला समजवावी लागते का? बाहेर हाड, आत गर. दाढेचं तेच.

दाढवाला_डॉक्टर
खरं तर ही उपमा बरी आहे. आम्हीही पेशंटला ‘आतला गर’ म्हणूनच सांगतो.

शुद्धलेखनी
वैद्यकीय पत्रकात मटण? नळी सामानाला असावी, शरीराला नलिका. अन्ननलिका म्हणतो, अन्ननळी नव्हे.

नवीपेठ
मी अन्ननळीच म्हणतो. श्वासनळीपण. अजून चालू आहेत दोन्ही.

पूर्वभाग
कॅनालचं जाऊ द्या, आधी ‘मूळ’ ठरवा. झाडाला मुळ्या, दाढेला मुळं, असं का? माझी सासू दाढेच्याही ‘मुळ्या’ म्हणते. आमच्या घरी तेलुगू. तिथं झाडाचं मूळ ‘वेरु’, शेजारच्या कन्नडवाल्यांचं ‘बेरु’. दाढेला ते ‘दवडे हल्लु’ म्हणतात, दवडे म्हणजे जबडा. आपलं ‘दाभाड’ त्यातूनच आलेलं असणार.

शुद्धलेखनी
‘असणार’ म्हणजे? सोलापूरकरांना सगळंच पलीकडून आल्यासारखं वाटतं. दाढ सरळ संस्कृत ‘दंष्ट्रे’वरून, प्राकृतात ‘दाढा’. दाढीही त्याच घरातली.

पूर्वभाग
मी दाढ म्हटलं नव्हतं, दाभाड म्हटलं होतं. आणि दंष्ट्रा म्हणजे वराहाचा, वाघाचा सुळा. तो मागं सरकून दाढ कधी झाला, ते सांगा की.

दाढवाला_डॉक्टर
मुळांवरून आठवलं. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं. कधी जिभेच्या बाजूला तिसरं निघतं, त्याला ‘रॅडिक्स एंटोमोलॅरिस’ म्हणतात; काराबेली यांनी १८४४ सालीच नोंदवलंय. पूर्व आशियातल्या लोकांत ते जास्त सापडतं. म्हणूनच ज्या त्या भागात मोजणी करतात, पुस्तकातली दाढ सगळ्यांच्या तोंडात नसते. रॅडिक्स म्हणजे लॅटिनमध्ये मूळ. त्यावरूनच इंग्रजीतला रॅडिश.

हुरडापार्टी
म्हणजे मुळा! आपणही मुळावरून मुळा, त्यांनीही!!

भाषांतरवाली_अक्का
छान आहे हे, पण स्कॅन यायच्या आधी मुळाच्या आतलं कसं बघायचे? प्रस्तावनेत एक वाक्य आहे, मला नीट लागत नाहीये.

दाढवाला_डॉक्टर
काढलेले दात घेऊन. वॉल्टर हेस यांचं १९२५ चं पुस्तक प्रसिद्ध आहे. दाताच्या पोकळीत रबर भरायचं, ते कडक करायचं, मग वरचा दात आम्लात घालवायचा. उरतो तो आतल्या पोकळीचा साचा, फांद्या-उपफांद्यांसकट. पुढं १९८४ साली व्हर्टुची यांनी २४०० दात पारदर्शक करून, आत रंग भरून, कॅनालच्या रचनेचे आठ प्रकार पाडले. आज स्कॅन बघतानाही पुष्कळ जण तेच आठ प्रकार लावतात. तुमच्या पत्रकात ‘प्रकार’ शब्द असेल तर तो हा.

टेलचा_शेतकरी
फांद्या-उपफांद्या. मी काय म्हनत हुतो? चारी, पोटचारी.

शुद्धलेखनी
एवढी चर्चा चालूच आहे तर ‘अक्कलदाढ’ही बदला. अक्कल अरबी. प्रज्ञादंत म्हणावं.

नवीपेठ
अरबीतही तिला अकलेचीच दाढ म्हणतात, लॅटिनमध्येही शहाणपणाचा दात. प्रज्ञा घातली काय, अक्कल घातली काय, कल्पना उसनीच. आणि पंचविशीत प्रज्ञादंत ठणकतोय म्हणून सुट्टी मागितली तर मालक देतील का?

पूर्वभाग
‘पटाशीचे दात’ मात्र सुंदर शब्द. सुताराची पटाशी बघितलेला माणूस विसरणार नाही. दाढेला तसं जात्यावरून काही का नाही? लॅटिनवाल्यांनी जात्यावरूनच ‘मोलर’ केलं.

टेलचा_शेतकरी
दातांवरून खरी भाषा बैलबाजारात ऐका. आमचे आण्णा सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या बाजारात बैलाचं तोंड उघडून एका नजरेत सांगायचे: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. फोटो नाय, स्कॅन नाय. वरच्या जबड्याला पुढं दात नसतातच, हे बघून शहरातला पाहुणा एकदा म्हनला, ‘म्हातारा बैल देताव काय?’

हुरडापार्टी
‘आदत’ म्हणजे सवय ना? बैलाला कसली सवय?

शुद्धलेखनी
तो आदत वेगळा, अरबी. हा अ-दंत, ज्याचे कायमचे दात अजून आले नाहीत तो.

टेलचा_शेतकरी
आमच्याकडं आदत म्हंजे औताला न जुंपलेला. दाताचा संबंध नाय.

शुद्धलेखनी
वर तुम्हीच दाताच्या यादीत पहिला घातलात.

टेलचा_शेतकरी
पहिला घातला कारण तो पहिला असतोय. आण्णांना विचारून सांगतो, आत्ता रानात हायेत.

भाषांतरवाली_अक्का
कुणी ‘नळ्या’ला हरकत घेणार असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

पूर्वभाग
आण्णांना दाभाडाचंही विचारा.