वांगी: शेंडे माना टाकतात, फुलं गळतात, एका झाडाला बारीक पानांचा झुपका

वाफा_परभणी
मंडळी, घरामागे १० बाय ६ फुटांत मांजरी गोटा जातीच्या वांग्याची ८ झाडं आहेत. सप्टेंबरअखेर रोपं लावली. जमीन काळी, भारी. बोअरचं पाणी रोज सकाळी पाइपने देतो. लावताना शेणखत घातलं होतं, नंतर दर आठवड्याला झाडामागे मूठभर युरिया. झाडं गुडघ्याच्या वर गेलीत, पानं गर्द हिरवी. पण तीन अडचणी आहेत. एक, कोवळे शेंडे अचानक माना टाकतात, पाणी असूनही. दोन, फुलं ढिगाने येतात आणि देठासकट गळतात. तीन, एका झाडाला पानं अगदी बारीक येऊन झुपका झालाय, त्याला फूलच नाही. दुकानदार रोज नवीन बाटली दाखवतो. नेमकं काय करू?

काळी_कसदार
बाटली राहू द्या, आधी कात्री घ्या.

शेंडा सुकतोय ती शेंडे व फळे पोखरणारी अळी. सुकलेला शेंडा खाली चाचपत या, खोडाला बारीक भोक आणि त्यातून ओलसर भुसा आलेला दिसेल. त्याच्याखाली दोन-तीन बोटं अंतर सोडून कापा. कापलेल्या तोंडाकडे बघा. गाभा पांढरा आणि भरीव असला तर काम झालं. मधे पोकळ किंवा तपकिरी दिसला तर अळी अजून खाली आहे, आणखी कापा. कापलेला शेंडा वाफ्यात किंवा खतखड्यात टाकायचा नाही. त्यातली गुलाबीसर अळी बाहेर पडून वाळलेल्या पाल्यात कोष करते आणि तिचा पतंग परत तुमच्याच झाडावर अंडी घालतो. साबणाच्या पाण्यात बुडवा नाहीतर जाळा. झाडाखालचा पालाही दर आठवड्याला वेचा, कोष तिथेच सापडतात.

८ झाडांना हे काम दर दोन दिवसांनी पाच मिनिटांचं आहे. शेतकऱ्याला एकरभर रानात ते परवडत नाही म्हणून तो फवारतो. तुम्हाला परवडतं.

फळं लागली की एक लक्षात ठेवा. अळी बहुतेक वेळा देठाच्या टोपीखालून आत शिरते आणि ते भोक बुजून जातं. वांग्यावर जे मोठं गोल भोक दिसतं ते अळी बाहेर पडल्याचं. म्हणजे भोक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे फळापेक्षा शेंड्यावर नजर ठेवा. अळी एकदा आत गेली की वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं सारखी मारली तर मित्रकीटक मरतात आणि लाल कोळी, पांढरी माशी उफाळते, ते आणखी वेगळं दुखणं.

सोबत निंबोळी अर्क. २५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून फडक्यात बांधा, रात्रभर १ लिटर पाण्यात ठेवा, सकाळी पुरचुंडी पिळून काढा आणि एकूण पाणी ५ लिटर करा. त्यात १० ग्रॅम साबणाचा चुरा. ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा, कारण अंडी तिथे असतात. दर आठ-दहा दिवसांनी ताजा करायचा, उरलेला ठेवून उपयोग नाही. हा आतली अळी मारत नाही. अंडी घालणं कमी होतं आणि तुडतुडे, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, आवरतात, एवढीच अपेक्षा ठेवा.

झुपक्याचं झाड उपटा. तो बोकड्या, म्हणजे पर्णगुच्छ. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि त्याला औषध नाही. हिरवंगार दिसतंय म्हणून जीव तुटतो, पण वाट बघाल तर उरलेली सात जातील.

भाजीवाफा
वरचं सगळं पटलं. फुलांबद्दल थोडं.

भाऊ, मूठभर युरिया दर आठवड्याला? हिशेब बघा. हेक्टरी १०० किलो नत्र आणि ९० बाय ९० सेंमी अंतर धरलं तर एका झाडाच्या वाट्याला अख्ख्या हंगामात साधारण ८ ग्रॅम नत्र येतं, म्हणजे १७-१८ ग्रॅम युरिया, तोही तीन हप्त्यांत. एका वेळी चहाचा एक चमचा. तुमच्या एका मुठीतच हंगामाचा कोटा संपून वर उरतो. अशा झाडाला पाला येतो, फळ धरत नाही, आणि कोवळ्या पाल्यावर अळी अन् तुडतुडे तुटून पडतात. युरिया आता पूर्ण थांबवा.

गळलेली सगळीच फुलं वाया गेली असं नाही. फूल हातात घेऊन आत बघा. मधली हिरवी दांडी पिवळ्या परागकोशांच्या वर आलेली असेल तर ते फळ धरणारं फूल. दांडी खाली दडलेली असेल तर ते गळणारच. फुलांच्या घोसात बहुधा पहिलं, जाड देठाचं फूल लांब दांडीचं असतं, बाकीची आखूड. मात्र लांब दांडीचीही गळत असतील तर नत्र, पाणी किंवा हवामान यांपैकी काहीतरी बिघडलंय.

वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून हलल्याशिवाय पडत नाहीत. वारा नसलेल्या कोपऱ्यात झाडं असतील तर सकाळी ऊन चढायच्या आत फुलाच्या देठावर बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. पतंग अडवायला कुणी बारीक जाळी लावली तर भुंगे-माश्याही अडतात, मग हे रोज करावंच लागतं.

वाफा_परभणी
धन्यवाद. युरियाचं डोक्यातच आलं नव्हतं. दांडीवाली फुलं बघितली, दोन्ही प्रकारची गळतायत. पाणी कमी पडत असेल का?

टाकळीकर
कमी नाही, जास्त. काळ्या जमिनीत नोव्हेंबरात रोज पाणी म्हणजे मुळांचा श्वास कोंडणं. दोन इंच खालची माती घेऊन मुठीत दाबा. लाडू वळला तर पाणी नको. बांधला न जाता फुटला तर द्या, झाडामागे ४-५ लिटर, सावकाश. या दिवसांत पाच-सहा दिवसांचं अंतर सहज चालतं. पण जमिनीला भेगा पडेपर्यंत ताणूही नका, भेगा मुळं तोडतात आणि त्यानंतर भरपूर पाणी दिलं की फुलं हमखास गळतात. सोयाबीनचं भुसकट दोन-तीन इंच पसरा, खोडापासून चार बोटं दूर. कोष शोधताना ते उचलून बघावं लागेल, हे काळी_कसदार यांच्या सल्ल्याशी जरा भांडतं, पण ओल टिकण्यासाठी एवढा त्रास मी पत्करीन. पुढच्या वेळी सपाट वाफ्याऐवजी वीतभर उंचीच्या वरंब्यावर लावा, अडीच-तीन फुटांवर, आणि त्या जागी आधी टोमॅटो, मिरची नको.

डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा १० च्या खाली गेला की फळधारणा मंदावेल. तेव्हा परत युरियाकडे वळू नका, थंडी ओसरली की झाड आपोआप धरतं.

तोडणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. वांगं चकचकीत असतानाच काढा. अंगठ्याने दाबल्यावर खळी भरून आली तर योग्य, तशीच राहिली तर जून. चमक गेलेलं वांगं आत बियाळ आणि कडवट निघतं, वर झाडाची ताकद बी भरण्यात जाते आणि पुढची फुलं कमी होतात. दर चार-पाच दिवसांनी कात्रीने देठासकट कापा. मांजरी गोट्याच्या देठाला काटे असतात, ओढून तोडू नका.